मिसेस डाउटफायर आणि शेवटचा बाक

सेमिनरीत असताना महिन्यातून एका शनिवारी आम्हांला चित्रपट पाहण्याची मुभा असे. मनोरंजनगृहातील टीव्हीला व्हिडिओ जोडला जाई, बाक ओढले जात आणि फादर रेक्टरांच्या पसंतीस उतरलेली एखादी कॅसेट सुरू होई. ‘टेन कमांडमेंट्स’ आणि ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’ हे दोन चित्रपट आमच्या तुकडीने इतक्या वेळा पाहिले होते की, तांबडा समुद्र दुभंगू लागला म्हणजे चहा आणायला स्वयंपाकघरात जावे, असा आमचा शिरस्ताच पडून गेला होता. अशा त्या काळात कोणीतरी ‘मिसेस डाउटफायर’ची कॅसेट आणली. बायकी वेष केलेला एक पुरुष विस्तवापाशी वाकतो आणि त्याच्या छातीवरच्या कृत्रिम उरोजांना आग लागते, हे दृश्य आले तेव्हा आम्ही सारे भावी धर्मगुरू बाकांवरून अक्षरशः घसरलो. फादर रेक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. ते हसून पुसत होते, हे निराळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नीतिशास्त्राच्या तासाला आमचे वृद्ध प्राध्यापक वर्गात आले. पुस्तक न उघडता त्यांनी विचारले, “काल तुम्ही कशाला हसलात?” कोणी ठिगळाएवढे उत्तर दिले, कोणी खाली पाहिले. ते म्हणाले, “त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक घर मोडते. ते मोडताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले?” एवढे बोलून त्यांनी फळ्याकडे वळून विवाहसंस्काराच्या व्याख्येला आरंभ केला. प्रश्नाचे उत्तर त्यांनी मागितले नाही. आम्हीही दिले नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर, धर्मग्रामात पंचवीसएक वर्षे काढल्यावर, तो प्रश्न मला अधूनमधून आठवतो.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. अ‍ॅन फाइन या ब्रिटिश लेखिकेने १९८७ साली मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यावरून १९९३ साली हॉलिवुडने हा चित्रपट काढला. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, नायक रॉबिन विल्यम्स, नायिका सॅली फील्ड. स्थळ अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को, असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव लाभलेले, चढउतारांच्या रस्त्यांचे शहर. डॅनियल हिलर्ड हा व्यंगचित्रपटांतील प्राण्यांना आवाज देणारा नट आहे. गुणी, विनोदी, मुलांत मूल होणारा; पण पोटापाण्याच्या बाबतीत आनंदीआनंद. पडद्यावरचा पोपट सिगारेट ओढतो हे मुलांसाठी वाईट, असे म्हणून तो एका दिवसात नोकरी सोडतो. तत्त्व चांगले आहे; पण घरी तीन मुले आहेत आणि घर पत्नीच्या पगारावर चालले आहे, याचे भान त्याला नाही. त्याच दिवशी मुलाच्या बाराव्या वाढदिवसानिमित्त तो घरात घोडा, शेळ्या, कोंबड्या असे सारे गोकुळ आणून सोडतो. बायबलमधल्या दानिएलला सिंहांच्या गुहेत टाकले होते. हा दानिएल स्वतःच घराची गुहा करतो! पत्नी मिरांडा कामावरून येते, तो पसारा पाहते आणि चौदा वर्षांचा संसार त्या संध्याकाळी संपतो.

न्यायालय मुलांचा ताबा आईला देते. बापाला आठवड्यातून एकदा, शनिवारी, मुलांना भेटता येईल. तीन महिन्यांत त्याने नोकरी मिळवावी, नीटनेटके घर करावे, मग पुन्हा विचार होईल. मिरांडा शाळेनंतर मुलांना सांभाळण्यासाठी बाई शोधते आहे असे डॅनियलला समजते. तिने लिहिलेल्या जाहिरातीतला फोन नंबर तो हळूच बदलून ठेवतो, नाना आवाजांत नाना भयंकर बायका बनून तिला फोन करतो आणि शेवटी एका शांत, वयस्क, ब्रिटिश बाईचा आवाज काढतो. नाव काय, असे विचारल्यावर समोरच्या वर्तमानपत्रातील आगीच्या बातमीचा मथळा दिसतो आणि तोंडून निघते, ‘डाउटफायर’. (मूळ लेखिकेला हे नाव एडिनबरातील जुन्या कपड्यांच्या एका दुकानावरून सुचले होते.) डॅनियलचा भाऊ रंगभूषाकार आहे. त्याच्या हातून साठीची एक बाई घडते. या रंगभूषेला विल्यम्सना रोज सुमारे चार तास बसावे लागे आणि १९९४ च्या सोहळ्यात तिला ऑस्कर मिळाले. अशा रीतीने घरातून घालवलेला बाप मोलकरीण म्हणून स्वतःच्याच घरात शिरतो.

पुरुषाने लुगडे नेसून लोकांना हसवावे वा मोहवावे, यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब पाहून घरंदाज बायका तशी साडी नेसू लागल्या, हे आपण आजीकडून ऐकले आहे. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ तर आपल्या गावच्या सणाच्या नाटकांतही येऊन गेली. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती झाली ती पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून. या सर्वांमध्ये वेष हा खोली मिळवण्याचा, प्रेयसी गाठण्याचा किंवा नाटक रंगवण्याचा उपाय होता. डॅनियलला मात्र खोली नको, प्रेयसी नको. त्याला फक्त संध्याकाळी मुलांचा गृहपाठ घ्यायचा आहे.

पहिल्या दिवशी त्याचा स्वयंपाक जळतो आणि तो हॉटेलातून जेवण मागवून ताटांत वाढतो. पुढे टीव्हीवर पाहून तो खरोखर रांधायला शिकतो. टीव्ही बंद करून मुलांना अभ्यासाला बसवतो, घर झाडतो, वेळेवर येतो. नवरा म्हणून चौदा वर्षांत ज्या गोष्टी त्याला जमल्या नाहीत त्या बाई होऊन चार आठवड्यांत जमतात. इथे मी पुन्हा पाहताना हसायचे विसरलो. कारण लग्नाच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांना मी इतकी वर्षे काय सांगत होतो? प्रेम करा, क्षमा करा, रोज एकत्र प्रार्थना करा. सारे खरेच आहे. पण वेळेवर घरी या, भांडी विसळा, बायको थकून आली की घर आवरलेले दिसू द्या, हे मी व्यासपीठावरून क्वचितच सांगितले. ते ‘आध्यात्मिक’ वाटत नसावे.

चित्रपटाचा गाभा मात्र पुढे आहे. एकदा मिरांडा आणि मिसेस डाउटफायर बोलत बसतात. बोलता बोलता मिरांडा आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल सांगू लागते. डॅनियलचा खेळकरपणा हाच तिला सुरुवातीला आवडला होता. पुढे तोच तिच्या अंगावर आला. घरी आले की पसारा, आणि गंभीर गोष्ट काढली की तो ती थट्टेवारी नेणार. ती रात्री एकटीच रडत असे. त्याला ते कधी कळले नाही. त्याच्या सहवासात आपण कोणीतरी वेगळीच, कठोर बाई होत चाललो आहोत आणि आपल्या मुलांनी अशी आई पाहू नये, असे तिला वाटू लागले होते. समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावरचा रबरी मुखवटा हलत नाही. त्याच्या आतले डोळे मात्र बदलतात. रॉबिन विल्यम्स थोर नट होते ते अशा जागी. ज्या नवऱ्याशी ती हे चौदा वर्षांत बोलू शकली नाही, त्याच्याशीच ती बोलत आहे, आणि तो नवरा नाही म्हणूनच बोलू शकत आहे.

प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या धर्मगुरूला या दृश्याचे मोल कळते. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदनासाठी जाळीच्या लाकडी कोठडीचा वापर रूढ केला. त्याची कारणे वेगळी होती. पण त्या जाळीने एक गोष्ट साधली. जे माणसाला जेवणाच्या टेबलावर समोरासमोर सांगता येत नाही, ते तो अंधाराला सांगू शकतो. कोणाचे काय ऐकले हे माझ्याबरोबर मातीत जाईल. एवढेच म्हणतो की, अनेकदा मला वाटून गेले आहे, जाळीच्या या बाजूला मी नसून या व्यक्तीच्या घरचे माणूस बसलेले असते तर किती बरे झाले असते. डॅनियल तसा बसला. मात्र त्यासाठी त्याने खोटेपणा केला, आणि त्या खोटेपणाबद्दल चित्रपट त्याला जरा स्वस्तात सोडतो असे माझे मत आहे. मिरांडाचा नवा मित्र स्टू हा सज्जन माणूस दाखवला आहे, ही लेखकांची सचोटी. त्याला मिरची चालत नाही हे माहीत असून डॅनियल त्याच्या जेवणात तिखट मिसळतो, माणूस गुदमरतो, आणि त्याला वाचवतानाच मुखवटा गळून पडतो. प्रेक्षक हसतात. मी आता हसत नाही. असूया प्राण घेण्याइतकी पुढे गेली होती, हे त्या हास्यात बुडून जाते.

मुखवटा गळाल्यावर न्यायाधीश त्याला अधिकच कठोर शिक्षा देतात. यापुढे मुलांना भेटायचे तेही तिऱ्हाईताच्या देखरेखीखाली. मुलांशिवाय आपण जगू शकत नाही, असे तो न्यायासनासमोर सांगतो, आणि न्यायाधीशांना त्याच्या बोलण्यात नटाचा अभिनय दिसतो. जन्मभर सर्वांना हसवल्याची ही किंमत! खरे बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी उरले नाही.

ही गोष्ट कॅलिफोर्नियात घडावी यालाही अर्थ आहे. दोष कोणाचा हे सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदा अमेरिकेत प्रथम तिथेच झाला. १९६९ साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला. रेगन स्वतः घटस्फोटित होते. पाहता पाहता इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. १९९३ साली चित्रपटगृहांत बसलेल्या कित्येक अमेरिकन मुलांच्या घरी शनिवारचा बाप आणि इतर दिवसांची आई अशी वाटणी झालेली होती. वर्षाच्या कमाईत ‘ज्युरासिक पार्क’च्या खालोखाल हा चित्रपट का बसला, याचे उत्तर केवळ विनोदात नाही. आपल्याकडे चित्र अगदी निराळे होते. ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदा इतका जुनाट होता की, २००१ च्या दुरुस्तीपूर्वी पत्नीला नुसता व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रौर्य वा त्याग सिद्ध करावा लागे. आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागे. परस्परसंमतीचा मार्ग ख्रिस्ती दांपत्यांना त्या दुरुस्तीनेच मिळाला. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध विवाहसंस्कार अभंग आहे, हे आपण सर्व जाणतो. पण कायदा कठीण होता म्हणून आपली घरे मोडत नव्हती असे समजणे हा भाबडेपणा होय. एका छपराखाली दोन चुली असलेली घरे आपल्या वाड्यांत मी पाहिली आहेत.

या चित्रपटाचे भारतीय अवतार झाले ते पाहण्यासारखे आहेत. कमल हासन यांनी १९९६ साली तामिळमध्ये ‘अव्वै षण्मुगी’ आणला. रंगभूमीवर अव्वैयारची भूमिका गाजवणाऱ्या टी. के. षण्मुगम यांच्या स्मरणार्थ ते नाव. त्याचा हिंदी अवतार १९९७ चा ‘चाची ४२०’. तिथली चाची चक्क लक्ष्मी गोडबोले होऊन मराठमोळ्या लुगड्यात वावरते, त्यामुळे आमच्या धर्मग्रामात तो चित्रपट इंग्रजीपेक्षा अधिक लोकांनी पाहिला. त्यात चाचीची रंगभूषा करणारा गृहस्थ कोण? जोसेफ, आणि अर्थातच दारुडा! जॉनी वॉकर यांनी तो झकास वठवला आहे. पण हिंदी चित्रपटात ख्रिस्ती माणूस शुद्धीवर कधी येणार, असा प्रश्न आमच्या एका सिस्टरांनी विचारला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. असो.

हिंदी चित्रपटाच्या शेवटी नवराबायको पुन्हा एकत्र येतात. तिथे मुख्य अडसर श्रीमंत सासऱ्याच्या ताठ्याचा आहे. भिंत बाहेरची आहे, ती पाडली की संसार उभा. अमेरिकन चित्रपटात भिंत दोघांच्या आत आहे. त्याच्याही पटकथेच्या आरंभीच्या मसुद्यांत आईबाप एकत्र येतात असा शेवट होता. परंतु तो दिग्दर्शकाला आणि प्रमुख कलाकारांना मान्य झाला नाही. ज्या मुलांचे आईबाप कधीच एकत्र येणार नाहीत त्यांना खोटी आशा दाखवू नये, असे त्यांचे म्हणणे. शेवटी मिसेस डाउटफायर मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातून एका लहान मुलीच्या पत्राला उत्तर देते. तिचे आईबाप वेगळे झाले आहेत आणि आता आपण कुटुंब राहिलो नाही, असे तिला वाटते आहे. काही आईबाप परत एकत्र येतात, काही येत नाहीत, आले नाहीत तर स्वतःला दोष देऊ नकोस, असे ती म्हातारी सांगते. मग ती कुटुंबांचे नाना प्रकार मोजते. त्या यादीपाशी माझे धर्मगुरूचे मन थोडे अडते. जे मोडले ते मोडलेच म्हणावे, त्याला आणखी एक प्रकार म्हणू नये, असे मला वाटते. पण ‘स्वतःला दोष देऊ नकोस’ या शब्दांपाशी मन अडत नाही. ते शब्द मी एका मुलाला वेळेवर सांगितले नाहीत, आणि हा लेख मुळात त्याच्यासाठी आहे.

आता जे लिहितो ते पापनिवेदनात ऐकलेले नाही. संबंधितांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहितो आहे. दहाबारा वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे एक तरुण जोडपे वेगळे झाले. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. नवरा कलंदर, आज हा धंदा, उद्या तो. बायको नोकरी करून घर ओढीत होती. दोघांनाही मी बोलावले. तिला म्हटले, “बाय, थोडं सांभाळून घे. पुरुषाची जात, सुधारेल.” ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “फादर, त्यांना वाईट म्हणायला मी आलेच नाही. मी थकले हे सांगायला आले होते.” मी ते ऐकले, पण ऐकले नाही. महिनाभराने ती मुलाला घेऊन माहेरी गेली. चर्चच्या विवाह न्यायालयाकडे अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विवाह वैधच होता, हे दोघेही मानत होते. पुढे दोघांपैकी कोणी दुसरा घरोबा केला नाही. एकत्रही आले नाहीत.

मुलगा त्या वेळी सात-आठ वर्षांचा. बाप दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर क्रुसापाशी उभा राही. मुलगा आजीचा हात सोडून धावत जाई. दहा मिनिटे, कधी पंधरा. बाप खिशातून काहीतरी काढी, गोळी, भोवरा, एकदा तर कासवाचे पिल्लू निघाले होते. मग आजी हाक मारी.

मे महिन्यातल्या मुलांच्या शिबिरात आमच्या तरुणांनी ‘मिसेस डाउटफायर’ दाखवला. मुले तशीच हसली जशी आम्ही सेमिनरीत हसलो होतो. संपल्यावर सगळी सरबताकडे पळाली. हा मुलगा तिथेच बसून राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, “फादर, ते आता चांगले वागायला लागले ना? स्वयंपाकपण शिकले. मग आई त्यांना परत घरी का घेत नाही?”

माझ्याकडे कॅनन लॉ होता, पोप दुसरे जॉन पॉल यांचे १९८१ चे ‘फॅमिलियारिस कॉन्सॉर्शियो’ होते. त्यात विभक्त झालेल्यांना ख्रिस्तसभेने अधिक जवळ घ्यावे असे सांगितले आहे आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी ओळखण्याचे कर्तव्य धर्मगुरूंवर घातले आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला सांगण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. मी म्हटले, “सरबत संपेल हं.” तो उठून गेला. त्याने मला दुसऱ्यांदा विचारले नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या प्रथम कम्युनियनचा दिवस ठरला. आमच्याकडे रीत अशी की, मुलाच्या दोन्ही बाजूंना आईबाप पुढच्या बाकावर बसतात. आईच्या माहेरची माणसे चिडलेली होती. बाप पुढे बसला तर आम्ही मिस्सेला उभे राहणार नाही, असा निरोप आला. सणासुदीला चर्चमध्ये तमाशा नको म्हणून मी बापाला बोलावून घेतले. म्हटले, “तू शेवटच्या बाकावर बस. एका दिवसाचा प्रश्न आहे. मुलाचा दिवस बिघडायला नको.” तो हसला. त्याला सगळ्याच गोष्टींवर हसायची सवय होती. म्हणाला, “फादर, मागून दिसत नाही हो काही. पण बसेन.”

२०१६ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘अमोरिस लॅटिशिया’ आले. विभक्त झालेल्या आईबापांनी मुलाला कधीही ओलीस धरू नये, अशी कळकळीची विनवणी त्यात आहे. ती वाचली तेव्हा माझ्या मनात आले की, ओलीस धरणारे नेहमी आईबापच असतात असे नाही. कधी कधी ते काम शिस्तीची काळजी करणारा धर्मगुरूही करतो.

त्या रविवारी मिस्सा सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतली मुले रांगेने आत आली. मी शेवटच्या बाकाकडे पाहिले. तो तिथे नव्हता. मला वाटले, राग धरून आलाच नाही. थोडे हायसे वाटले, हेही कबूल करतो. व्हिडिओवाला नेहमीप्रमाणे वेदीच्या कडेला उभा होता. त्याच्या शेजारी त्याचा लाईट धरणारा पोऱ्या असतो. लांब दांडीवरचा दिवा उंच धरून तो कॅमेऱ्याच्या मागे मागे फिरतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेडच येतो. ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी पायरी उतरून खाली आलो आणि मुलगा समोर गुडघ्यांवर बसला, तेव्हा तो उजेड हलू लागला. कॅमेरावाला दबल्या आवाजात म्हणाला, “अरे, नीट धर ना!” मी मान वळवली. दांडी दोन्ही हातांत धरून मुलाचा बाप उभा होता. मुलापासून दोन पावलांवर. शर्ट कोणाचा तरी मागून आणलेला, डोक्यावर टोपी. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या हातातली पवित्र भाकर मुलाच्या जिभेवर ठेवली जाईपर्यंत तो दिवा थरथरत होता, आणि मग स्थिर झाला.

मुलाने ओळखले की नाही, ते मला त्या क्षणी कळले नाही. मिस्सा संपली, फोटो झाले. व्हिडिओवाल्याने सामान आवरले आणि लाईट धरणारा वायरींचे भेंडोळे खांद्यावर टाकून बाजूच्या दाराने निघून गेला. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. खरे म्हणजे काय बोलायचे ते ठरवूनही मी गेलो नव्हतो.

तीनेक आठवड्यांनी मुलाची आई पॅरिश कचेरीत आली. मुलाच्या दाखल्यावर सही हवी होती. सही झाल्यावरही ती उठली नाही. म्हणाली, “फादर, डीव्हीडी आली. दोनदा पाहिली.”

“छान आली असेल,” मी म्हटले.

“छान आलीय. त्यात सगळे आहेत. माझे भाऊ, भावजया, सिस्टर, तुम्ही. ते कुठेच नाहीत.” ती थोडी थांबली. “फक्त एका ठिकाणी वेदीच्या पायरीवर सावली पडलीय. दांडी धरलेली.”

मी विचारले, “तुला केव्हा कळलं?”

“तिथंच. लाईट हलला तेव्हा.” ती दाखल्याची घडी करीत होती. “चौदा वर्षं ओळखते मी त्या हातांना. काही नीट धरता येत नाही त्यांना.” असे म्हणताना ती रागावलेली नव्हती. मग दारापाशी जाऊन म्हणाली, “येत्या रविवारी दुपारी मुलाला त्यांच्याकडे जेवायला धाडणार आहे. भावांना अजून सांगितलं नाही, मी सांगेन. तुम्ही त्यांना एवढं सांगा, की डाळीत मीठ कमी टाका. त्याला खारट चालत नाही.”

मी सायकल काढली आणि निरोप घेऊन गेलो. या खेपेस दार उघडे होते.